तक्त्यावरची गालफुगी आणि रुईवरचं फुलपाखरू

ये पोरी, अशी जवळ सरकून बस. चालता चालता वाचू नकोस. आणि आधी माझं थोडं ऐकून घे, मी तुझ्यावर रागावले आहे. कुंडीतल्या पांढऱ्या रुईवर अळी दिसली म्हणून तू मला फोटो पाठवलास, तिथवर चांगलं केलंस. पण त्याखाली काय लिहिलंस? 'आजी, फवारा आणलाय, संध्याकाळी मारते.' अगं, म्हाताऱ्या माणसाला काही विचारायचं असतं, नुसतं कळवायचं नसतं. मी फोन लावत बसले, तर तू उचलला नाहीस. शेवटी तुझ्या बापाला, म्हणजे माझ्या भाच्याला, कामावर फोन करून सांगितलं की घरी जा आणि आधी तो फवारा लपव. त्याला वाटलं, आत्याचं आता वय झालं. वाटू दे.

काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची, डोक्यावर दोन काळी शिंगं असलेली ती अळी मी फोटोतसुद्धा ओळखली. तिच्यापायी मी एकदा भर ओट्यावर, सासऱ्यापुढं, खाली बसले होते. ते कसं झालं ते सांगायचं तर आमच्या गुरुजींचं सांगावं लागेल.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. चिखलीहून एसटी निघाली की आपल्या फाट्यावर थांबायची, तिथून पुढं पायी. गुरुजी घाटावरचे, साताऱ्याकडचे. इकडच्या शाळेत नोकरी लागली म्हणून एक पेटी आणि एक पितळी तांब्या घेऊन आले आणि आमच्या घरची गोठ्याला लागून असलेली खोली त्यांनी भाड्यानं घेतली. एकटेच होते. उंच, पुढं थोडे वाकलेले, आणि उजव्या कानावर कायम खडूचा तुकडा. गवंड्यानं पेन्सिल ठेवावी तसा. रविवारीही असायचा. माझी माय म्हणायची, "या माणसाले जन्मताच खडू लावेल असन."

त्यांच्या शाळेत कुठून तरी जगातल्या प्राण्यांचे तक्ते आले होते. ते खोक्यातच राहिले आणि वाळवीनं खाल्ले. गुरुजींनी खोकं उघडलं तेव्हा दोनच तक्ते धड निघाले. एकावर हॅमस्टर नावाचा परमुलखातला रानउंदीर, दुसऱ्यावर फुलपाखरू. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, हत्ती गेला, वाघ गेला, आता याचं काय करू? गुरुजी म्हणाले, "दोन पुरेत. तुलना करायला दोनच लागतात." मग त्या दोन तक्त्यांवर त्यांनी सगळं शिकवलं. प्राणी तर शिकवलेच, पण त्या उंदराच्या मुलखातला बर्फ दाखवून भूगोल शिकवला आणि फुलपाखराच्या दोन पंखांवर भूमितीतला सारखेपणा शिकवला. त्या उंदराचे गाल एवढे फुगलेले होते की पोरांना वाटलं त्याला गालफुगी झाली आहे. तेच नाव पडलं. गुरुजीही त्याला गालफुगीच म्हणायला लागले.

तक्ते शाळेत ठेवले तर वाळवी खाईल, म्हणून ते गुंडाळून रोज घरी आणत. आणि इथं त्यांची खरी तऱ्हा सुरू व्हायची. उद्या शाळेत जो धडा घ्यायचा, तो आज संध्याकाळी ते आमच्या म्हशीपुढं म्हणून बघत. गोठ्याच्या मेढीला तक्ता अडकवायचा, हातात तुरीची काडी घ्यायची आणि सुरू. आमची म्हैस चांदी, कपाळावर पांढरा टिळा असलेली, रवंथ करत त्यांच्याकडं बघत राहायची. बाबांनी एकदा विचारलं, "मास्तर, तिले काय समजते?"

"तिला कळेल इतकं सोपं झालं की मुलांना कळतं," गुरुजी म्हणाले.

वर्गाचे त्यांचे नियम म्हशीलाही लागू होते. नियम असा की प्रश्न विचारला की सगळ्यांनी उभं राहायचं. ज्याचं उत्तर बरोबर, त्याला ते म्हणत, "बस खाली." शाबास नाही, वाहवा नाही, पाठीवर थाप नाही. एवढंच, बस खाली. पण पोरं त्या दोन शब्दांसाठी जीव टाकायची. ज्याला येत नाही त्याला मारायचे नाहीत, रागवायचे नाहीत. "उभा राहा, विचार कर," म्हणायचे, आणि तास संपला की, "बरं, उद्या सांग." त्यांचं उद्या कधी संपायचं नाही. आणि एकदा बसलेल्या पोराला कोणी उठवायचं नाही, मग हेडमास्तर वर्गात आले तरी. चांदी प्रश्नाच्या वेळी बसलेली असली तर गुरुजी म्हणायचे, "हिला येतं."

मी तेव्हा अठराच्या आतबाहेर. शाळा चौथीत सुटली, पुढं लग्न झालं मोताळ्याकडं. नागपंचमीला माहेरी आले ती परत गेले नव्हते. सासरी काय होतं ते फार सांगत नाही. अंगणात पेव होतं, जमिनीत खोदलेलं, तोंडापर्यंत ज्वारीनं भरलेलं, आणि त्या घरात मी उपाशी निजायची. किल्ल्या सासूच्या कंबरेला. सगळ्यांचं झालं की उरलं तर सुनेला. नवरा मुकाट बघायचा. मायनं माझी मनगटं पाहिली, बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या.

पण बाबा अडचणीत होते. माझ्या पाठच्या दोघी लग्नाच्या होत्या. पोरगी घरी आणून बसवली म्हटलं की लोक पाठच्यांना नाकारत. सासरहून निरोप आला तेव्हा बाबांनी सांगितलं, दिवाळीनंतर धाडतो. दिवाळी झाली, मग म्हणाले, ज्वारीचं खळं झाल्यावर धाडतो. मला कोणी विचारलं नाही. आणि मीही कोणाला म्हटलं नाही की मी जात नाही. तेव्हाच्या पोरीच्या तोंडात ते वाक्य यायचंच नाही बाई.

माझ्याकडं काम होतं म्हशीचं. शेणघाण, कडबा, ढेप. त्यामुळं रोज संध्याकाळी गुरुजींच्या वर्गात एक म्हैस आणि एक मी. त्यांनी कधी माझ्याकडं पाहून शिकवलं नाही. परक्याच्या लेकीकडं नजर वळवायची नाही, अशी त्यांची रीत. पण मी कडबा तोडताना आवाज झाला की ते थांबायचे आणि आवाज थांबला की पुढं बोलायचे. म्हशीसाठी एवढं कोण करतं, तूच सांग.

तर तो गालफुगीचा धडा. हा उंदीर दूर थंड मुलखात गव्हाच्या शेतात राहतो. गालात पिशव्या असतात, त्यात दाणे कोंबतो, बिळात नेऊन पुढच्या पंजांनी गाल दाबतो आणि सगळे बाहेर काढतो. बर्फ पडायच्या आधी बिळाचं तोंड मातीनं बुजवतो आणि झोपतो. मधे उठतो, साठवलेलं खातो, परत झोपतो. आणि एकटा राहतो. भरल्या बिळात दुसरा कोणी शिरला तर चावून हाकलतो. हे ऐकताना माझा कोयता तिथंच थांबला होता.

"आणि हे फुलपाखरू," ते काडी दुसऱ्या तक्त्यावर नेत, "नारिंगी पंख, काळा काठ, काठावर पांढरे ठिपके. हे आपल्या कुडाच्या रुईवरचंच आहे. यांच्यातला फरक कोणीही सांगेल. मला फरक नको. यांच्यात सारखं काय, ते सांगा."

शाळेत कोणाला आलं नाही. मग हा प्रश्न गावात फिरला. आमच्या शेजारी आमीनाचाची राहायची, पिंजाऱ्याची बायको, मोठी थट्टेखोर. ती कुडावरून म्हणाली, "मास्तर, दोघायलेबी गादी नाई लागत. आमचं नुसकान करनारे दोघं."

"उभ्या राहा, विचार करा," गुरुजी म्हणाले.

"मी उभीच हाये न बापा, बसाले टाइम कुठं हाये?"

बाबा म्हणाले, "दोघंही म्हशीच्या काही कामाचे नाईत."

"उभे राहा, विचार करा," आणि बाबा, घरमालक, हातातली चिलीम तशीच धरून खरंच उभे राहिले. मग लक्षात आलं तसे हसत बसले. बसले तर गुरुजींनी असं पाहिलं की परत उठले.

त्या रुईपायी गुरुजींचं गावाशी एकदा चांगलंच वाजलं. शनिवारी बायका मारुतीसाठी रुईची पानं तोडायला आमच्या कुडाशी यायच्या. गुरुजी आडवे उभे. प्रत्येक पान उलटून बघणार. पांढरा ठिपका दिसला की पान परत. बायका चिडल्या. एक म्हणाली, "देवाच्या कामात आडवं यायले तुमी कोन?"

"ते अंडं आहे बाई," गुरुजी शांतपणे म्हणाले. "फुलपाखराचं. मारुतीरायाला अंडं वाहणार का तुम्ही?"

सगळ्यांच्या डोळ्यांपुढून आजवर वाहिलेल्या माळा गेल्या असतील. एका आजीबाईंनी तर कान पकडले. तेव्हापासून आपल्या गावात रुईचं पान उलटून बघितल्याशिवाय माळेत ओवत नाहीत. आजही. नव्या सुनांना का ते ठाऊक नाही, पण उलटून बघतात.

आणि एकदा काय केलं, ती अळी जे खाते ते किती कडू असतं हे बघायला रुईचा चीक जिभेला लावला. रुईचा चीक विषारी, तू असलं काही करू नकोस. ओठ, गाल, सगळं सुजलं. घरी बसावं की नाही? तसेच शाळेत गेले. दिवसभर फळ्यावर लिहून शिकवलं. पोरं म्हणाली, गुरुजीच गालफुगी झाले. संध्याकाळी चांदीपुढं उभे राहून बोबडं बोबडं म्हणाले, "हे इतकं कडू आहे. अळी जन्मल्यापासून हेच खाते. दुसरं काही खात नाही. मग ते कडू जातं कुठं? कोण सांगेल?" जरा थांबले. "बरं, उद्या सांग."

ते माझ्या डोक्यात बसलं. कडू जातं कुठं? शेण थापताना, भाकरी करताना, तेच. अळी पुढं पानाखाली उलटी टांगून घेते, हिरवट कोष होतो, त्यावर सोनेरी ठिपके, सोनारानं दिल्यासारखे. काही दिवसांनी त्यातून फुलपाखरू निघतं आणि पंख वाळवत बसतं. कडू कुठं गेलं? एका सकाळी मी कुडाशी होते. एक कोतवाल, तो काळा दुभंगल्या शेपटीचा पक्षी, झपकन आला आणि ते नारिंगी फुलपाखरू चोचीत धरलं. मी म्हटलं, संपलं. तर त्यानं मान झटकली आणि ते टाकून दिलं. कुडावर चोच घासत बसला, घासत बसला, कितीतरी वेळ. फुलपाखराचा पंख थोडा फाटला होता. ते रुईवर पडलं, जरा थांबलं आणि उडालं.

मला उत्तर आलं होतं. पण मी ते सांगणार कोणाला? चांदीला सांगितलं.

त्याच दिवसांत खळं आटोपलं आणि शेतात बिळं खोदणं सुरू झालं. तू पाहिलं नसशील. ज्वारी निघाली की गरिबाघरच्या बायका कुदळी घेऊन उंदरांची बिळं खणत. आपले उंदीर त्या गालफुगीचे भाऊबंदच. एकेका बिळात कणसंच्या कणसं निघत. गुरुजी तिथंही जाऊन बसले. "निम्मं त्याला ठेवा," म्हणत. बायका हसल्या. "मास्तर, त्यानं आमच्यासाठी ठेवलं होतं का?" तरी एकीनं जाता जाता दोन कणसं परत बिळात टाकलेली मी पाहिली. कोणी बघत नाही असं बघून टाकली.

आणि खळं झालं म्हणजे माझी मुदत भरली. सासरे आणि त्यांचे मेव्हणे दुपारच्या एसटीनं आले. ओट्यावर घोंगडी टाकली, पाणी झालं, चहा झाला. मायनं माझी पेटी दाराशी आणून ठेवली आणि ओटीचे गहू सुपात घेतले. तिच्या हातून गहू सांडत होते. मी दाराआड उभी. बाबा पाहुण्यांशी पावसापाण्याचं बोलत होते आणि बोलणं पेटीपर्यंत येऊ देत नव्हते. सासरे म्हणाले, "इवाई, दिवस मावळायच्या आत निघा लागन. शेवटची गाडी हाये."

तेवढ्यात गुरुजी शाळेतून आले. पाहुण्यांना नमस्कार केला. तक्ते उलगडून मेढीला लावले आणि तुरीची काडी घेतली.

"हे कोन हो?" मेव्हण्यांनी विचारलं.

"आमचे भाडेकरू. मास्तर हायेत," बाबा म्हणाले.

"म्हशीले शिकवून राह्यले?"

"हाव."

"मंग, शिकली का ते?"

"आमच्याहून जास्त," बाबा म्हणाले.

गुरुजींनी मुद्दाम तोच धडा काढला की उद्या वर्गात तोच घ्यायचा होता, हे मला आजवर कळलं नाही. गालफुगीचं बीळ आलं, दाणे आले, दुसरा शिरला की चावून हाकलतो ते आलं. सासरे ऐकत होते. त्यांना काही लागलं नाही, "लय हुशार जनावर हाये," असं ते म्हणाले. सुपावर वाकलेल्या मायनं तेवढी मान वर केली. मग फुलपाखरू आलं. मग प्रश्न आला.

"या दोघांत सारखं काय? कोण सांगेल?"

चांदी त्या दिवशी उभी होती. गुरुजी थांबले. रोज थांबायचे त्याहून जास्त थांबले. 'बरं, उद्या सांग' काही म्हणेनात. मला कळत होतं की माझ्यासाठी उद्या नाही. उद्या मी मोताळ्याला.

"दोघंही साठवते, गुरुजी," मी दाराआडून म्हणाले.

माझाच आवाज मला परका वाटला. गुरुजी माझ्याकडं वळले नाहीत. चांदीकडंच बघत म्हणाले, "काय साठवतात?"

"गालफुगी दाने साठवते. बिळात. आन् हे फुलपाखरू... अळी असते तव्हा जे कडू खाते, ते टाकत नाई. अंगात ठेवते. कोतवालानं धरलं होतं त्याले. थुकून देल्लं. म्या पाह्यलं."

"मग आता फरक सांग."

मी पहिल्यांदाच दाराबाहेर पाऊल टाकलं. "बिळातलं कोनीबी खंदून नेते. अंगातलं नेता येत नाई."

गुरुजींनी कानावरचा खडू काढला, त्याकडं पाहिलं आणि परत कानावर ठेवला. "बरोबर," ते म्हणाले. "बस खाली."

आणि मी बसले. तिथंच, ओट्यावर, उंबऱ्याला टेकून. सून सासऱ्यापुढं बसत नाही. पदर कपाळावर घेऊन बाजूला उभी राहते, पायाकडं बघत. मी बसले आणि पायांना आधी कळलं की आता उठायचं नाही.

सासरे म्हणाले, "ऊठ वं. रीतभात इसरली का?"

मी उठले नाही.

गुरुजी तक्ता गुंडाळत म्हशीला म्हणाले, "बरोबर उत्तर देणाऱ्याला कोणी उठवायचं नाही. हा वर्गाचा नियम आहे."

"मास्तर, हे आमच्या घरचं हाये," मेव्हणे म्हणाले.

तेव्हा बाबा बोलले. बाबा सावकाश बोलायचे, आणि त्या दिवशी त्याहून सावकाश बोलले. "इवाई, घर माहं हाये, पन गोठ्यापासून ओट्यापर्यंत या येळी वर्ग असते. तिथं माहं चालत नाई. म्या सोता उभा राह्यलो हाये इथं." मग माझ्याकडं पाहिलं. माहेरी आल्यापासून त्यांनी माझ्या मनगटांकडं पाहायचं टाळलं होतं. त्या दिवशी पाहिलं. "बसली ते बसली. आता मी तिले उठवत नाई." आणि मायला म्हणाले, "पेटी आत घे."

पाहुणे शेवटच्या गाडीनं गेले. पुढं पंचायत बसली, बोलणी झाली, लोक बोलले. पाठच्या दोघींची लग्नं उशिरा झाली, पण झाली. त्यातल्या एकीनं तर स्वतःहून मुलगा बघायला नकार दिला होता, तो वेगळा किस्सा. मी घरीच राहिले. गुरुजींनी मला कधी म्हटलं नाही की तू शीक. एवढंच झालं की दुसऱ्या दिवसापासून म्हशीचे धडे पाचवीचे सुरू झाले, मग सहावीचे, मग सातवीचे. आमीनाचाची म्हणायची, "तुमची भैंस अब मॅट्रिकले बसन." मी बाहेरून सातवीला बसले. पुढं बालवाडी काढली, ती तुला ठाऊक आहे. बाकी जे काही लिहिते-वाचते ते असंच, कडबा तोडता तोडता आलेलं.

गुरुजी काही वर्षांनी त्यांच्या गावाकडं गेले. जायच्या दिवशी पेटी आणि तांब्या घेऊन गोठ्यात आले. तक्ते त्यांनी शाळेला परत दिले होते, त्यामुळं हात मोकळे, कसेसेच दिसत होते. चांदी बसून रवंथ करत होती. तिच्याकडं बघून म्हणाले, "हिला येतं आता." मी तिथंच, शेणाच्या हातानं उभी होते. मला काय म्हणायचं होतं ते मला म्हणता येईना. पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्याकडं पाहिलं, हसले, आणि म्हणाले, "बरं, उद्या सांग." आणि फाट्याकडं चालू लागले. कानावर खडू होता.

परत काही ते भेटले नाहीत. पण मी बालवाडीत पोरांना उभं करून प्रश्न विचारायची आणि बस खाली म्हणायची, तेव्हा पोरं अशी टुणकन बसायची की मला रोज गुरुजींना सांगितल्यासारखं वाटायचं.

म्हणून म्हणते पोरी, ती अळी राहू दे. कुंडीतली पानं खाईल, खाऊ दे, रुईला परत फुटतात. कोष झाला की त्याला हात लावू नकोस, नुसती बघ. आणि असं फोटो पाठवून नुसतं कळवायची नातवंडांची रीत मला पटत नाही. मागच्या वेळी आलीस ती गाडी बाहेर चालू ठेवून. आपल्या कुडाची रुई अजून आहे, पानाखाली ठिपके आहेत. शनिवारच्या आत ये, म्हणजे दोघी मिळून पानं उलटून बघू. ये लवकर. पण उभ्या उभ्या नको, बसायला ये.